धक्के कमी होत जातात, लहान होतीलच असं नाही

लातूर-धाराशिवकडे जमीन जराशी हलली की सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: ‘मोठा धक्का बसला की जमिनीतली ऊर्जा निघून जाते. नंतरचे छोटे धक्के चांगलेच, त्यांनी जमीन मोकळी होते. चोवीस तास बाहेर काढा, मग खुशाल घरात झोपा. आणि आपण सोलापूरकर तर काळ्या पाषाणावर बसलोय, आपल्याला काय होतंय!’ वाचून धीर येतो, म्हणूनच तो पुढे ढकलला जातो. एकेक वाक्य तपासू.

‘ऊर्जा निघून जाते.’ काही निघते, काही शेजारी जाऊन बसते. मागावरचा ताणा डोळ्यांसमोर आणा. मधले चार धागे तुटले की तिथला ताण संपतो, पण त्यांचा भार कडेच्या धाग्यांवर येतो. खडकातल्या भेगेचंही साधारण असंच. मोठ्या धक्क्यात भेगेचा एक पट्टा सरकतो आणि जिथे सरकणं थांबतं त्या कडांवर, शिवाय आसपासच्या छोट्या भेगांवर, नवा ताण चढतो. भेगांमधल्या पाण्याचा दाबही बदलतो आणि तो सावकाश, दिवसांच्या-महिन्यांच्या हिशेबाने पसरतो. हे सगळं नव्याने जुळेपर्यंत जे धक्के बसतात ते पश्चात धक्के, म्हणजे आफ्टरशॉक. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 ला 7.8 चा भूकंप झाला. भेग गोरखाकडून पूर्वेला सरकत गेली आणि काठमांडूच्या पलीकडे थांबली. 12 मे रोजी 7.3 चा धक्का बसला तो नेमका त्या पूर्वेकडच्या टोकाला. त्यात आणखी दोनशेहून अधिक माणसं गेली.

‘छोटे धक्के बसले की मोठा टळतो.’ हा हिशेब कागदावरही बसत नाही. भूकंपाच्या मापात एका अंकाचा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे 32 पट फरक. सहाच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा तीनच्या धक्क्यांनी काढायची तर तसे जवळपास 32,000 धक्के लागतील. रोज एक म्हटला तरी 87-88 वर्षं! उलट, आपल्याच भागाचा अनुभव पाहा. किल्लारी परिसरात 1992 च्या ऑक्टोबरमध्येच जमीन हलत होती. पुढे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, 6.2 चा भूकंप आला. कोयनेलाही धरण भरू लागल्यावर छोटे धक्के सुरू झाले होते, तरी डिसेंबर 1967 चा मोठा धक्का टळला नाही. याचा अर्थ प्रत्येक छोट्या धक्क्यामागे मोठा येतो असा मुळीच नाही. बहुतेक वेळा येत नाही. पण त्यांच्यामुळे तो टळला, असं म्हणायला आधार नाही.

‘चोवीस तास झाले की धोका संपला.’ या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. जपानचे भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी यांनी 1894 मध्ये मांडलेला नियम आजही वापरात आहे: धक्क्यांची संख्या दिवसांच्या प्रमाणात घटत जाते. पहिल्या दिवशी 100 बसले तर दहाव्या दिवशी साधारण 10, शंभराव्या दिवशी एखादा. घटते ती संख्या. उशिरा येणारा धक्का लहानच असेल अशी कुठलीही हमी या नियमात नाही. नेपाळचा तो 7.3 चा धक्का सतराव्या दिवशी आला. न्यूझीलंडमध्ये 4 सप्टेंबर 2010 ला 7.1 चा भूकंप झाला तेव्हा क्राइस्टचर्च शहर थोडक्यात वाचलं होतं. साडेपाच महिन्यांनी, 22 फेब्रुवारी 2011 ला, 6.2 चा धक्का थेट शहराजवळ आणि कमी खोलीवर बसला, 185 माणसं गेली. जपानच्या कुमामोतोत 14 एप्रिल 2016 च्या रात्री भूकंप झाला, काही जण घरी परतले, आणि 16 च्या पहाटे त्याहून मोठा, 7.0 चा आला. म्हणजे पहिला धक्काच ‘मुख्य’ होता की नाही, हे नंतरच कळतं.

आता घराकडे वळू, कारण ते कोणत्या अवस्थेत आहे याचा मजकुरात उल्लेखच नाही.

ढोबळ अनुभव असा की सगळ्यात मोठा आफ्टरशॉक मुख्य धक्क्यापेक्षा सव्वा अंकाने कमी असतो. 6.2 नंतर पाचचा. ‘पाच म्हणजे काहीच नाही’ हे धडधाकट इमारतीला लागू आहे. पहिल्या धक्क्यात खिळखिळ्या झालेल्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराला नाही. अशा घराची दगडी भिंत बहुधा दोन पदरी असते: बाहेरून एक थर, आतून एक, मध्ये बारीक दगड-मातीची भर. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार लांब दगड क्वचितच घातलेले असतात. पहिल्या धक्क्यात पदर सुटतात आणि मधली भर खाली सरकून पाचरीसारखी बसते. मग भिंत मागे येत नाही, पोट काढते. पुढचा प्रत्येक धक्का, लहान असला तरी, ती पाचर आणखी ठोकतो.

त्यात वरचा भार. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती धरा, ती होते सव्वाचार घनमीटर, म्हणजे साधारण पावणेसात टन. गळतं म्हणून दरवर्षी टाकलेली पांढरी माती आणि मुरलेलं पाणी यांनी वजन अजून वाढतं. किल्लारी-सास्तूरला माणसं दगावली ती मुख्यतः अशाच घरांखाली.

आरसीसीवालेही निर्धास्त राहू नका. पार्किंगच्या खांबांचं काँक्रीटचं कव्हर उडालं, सळया दिसू लागल्या की उभ्या सळयांना बांधणाऱ्या आतल्या रिंगा पाहा. रिंगेचं टोक 135 अंशांत आत वळवलेलं हवं. नुसतं काटकोनात मोडलेलं असेल तर ती उघडते, सळया बाहेर वाकतात, आणि पुढच्या धक्क्यात वरचा मजला खांब दाबत खाली येऊ शकतो.

म्हणून घरात कधी परतायचं ते घड्याळ पाहून ठरत नाही, भिंत पाहून ठरतं. आधी बाहेरून फिरा. ओळंबा सोडा: भिंत फुगलेली किंवा कललेली दिसली तर आत जाऊच नका. कोपऱ्यात वरून खाली उभी फट, खिडकी-दारांच्या मध्ये फुलीसारखे तिरके तडे, पेन्सिल शिरेल एवढी भेग, तुळईचं टोक भिंतीतून सरकलेलं, काल लागणारं दार आज अडकतंय, यातलं एकही असेल तर इंजिनिअरने पाहिल्याशिवाय तिथे झोपायचं नाही. गिलाव्यातली केसासारखी भेग तेवढी गंभीर नसते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. पुढच्या धक्क्यानंतर ती रेघेबाहेर गेली तर घर अजून हलतंय.

कागदपत्रं, औषधं आणायचीच असतील तर एकानेच जावं, पायात बूट घालून, आणि एकाने बाहेर थांबावं. सिलिंडरचा रेग्युलेटर आणि मेन स्विच बंद. गच्चीवरची 1000 लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन. तिच्याखालच्या विटांच्या खांबांना तडा असेल तर आत कुणी नसताना खालचा कॉक उघडून ती रिकामी करा. रात्री बाहेर झोपताना जवळच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दीडपट लांब राहा. गावठाणातल्या बोळात ते जमत नाही, तिथे मैदानच गाठावं.

राहिला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. किल्लारीही त्याच पाषाणावर आहे. तिथे त्याची जाडी साडेतीनशे मीटरच्या आसपास, आणि भूकंप त्याच्या कितीतरी खाली, जुन्या खडकात झाला. 1993 पूर्वीच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. 2002 च्या सुधारित नकाशात तो तीनमध्ये गेला, आणि सोलापूरही तिसऱ्याच झोनमध्ये दाखवलं आहे. किल्लारी इथून सरळ रेषेत सुमारे 80 किलोमीटर.

आणि हो, या मजकुराला हल्ली एक शेपूट जोडलेलं असतं: ‘आज रात्री दोन वाजता पुढचा धक्का.’ धक्क्याची वेळ आधी सांगता येईल अशी पद्धत आज जगात कुणाकडेही नाही.