लाईट येते, पत्ता जातो

लातूरला बसून उदगीरच्या दुकानातला पीसी उघडायचा, एवढीच माफक इच्छा. पण तिकडं लाईट जाते, राऊटर झोपतो आणि लाईट आल्यावर नवाच आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घेऊन उठतो. आपण जुन्या आयपीला हाका मारत बसतो. मालक फोनवर म्हणतात, "कालपर्यंत तर चालू होतं की ओ!"

उपाय डायनॅमिक डीएनएस, म्हणजे पीसीला एक कायमचं नाव द्यायचं आणि आयपी बदलला की त्या नावामागचा पत्ता आपोआप बदलायचा. पण माझा आग्रह असा, की आधी राऊटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे नेट कंपनीनं राऊटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला निघाला तर तो सीजीनॅट, म्हणजे अनेक ग्राहकांत मिळून बाहेरचा पत्ता एकच, एका नळावर सगळी गल्ली. नाव कितीही ताजं ठेवा, बाहेरून आत वाट नाही. मग स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्या नाहीतर व्हीपीएन लावा.

वाट असेल तर काम सोपं. बाइंड (नावांचे पत्ते सांगणारा डीएनएस प्रोग्राम) सर्व्हरवर टीसिग-कीजेन या कमांडनं अपडेटवर सही करायची किल्ली बनवा, प्रत्येक पीसीला वेगळी, आणि अपडेट-पॉलिसीत (कुणी काय बदलायचं ते नियम) तिला फक्त स्वतःच्या नावापुरती मुभा द्या. एकच किल्ली सगळ्यांना वाटली, की उदगीरचा पीसी खुशाल निलंग्याचं नाव लावून बसू शकतो. टीटीएल, म्हणजे इतरांनी पत्ता लक्षात ठेवायची मुदत, ६० सेकंद. ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा क्रॉन दर ५ मिनिटांनी, आणि आयपी बदलला तरच एनएसअपडेट, म्हणजे सर्व्हरला नवा पत्ता कळवणारी कमांड. आयपी मात्र बाहेरच्या सर्व्हरला विचारा. पीसीला स्वतःला विचाराल तर तो अभिमानानं दुकानाच्या आतलाच पत्ता, १९२.१६८.१.५, सांगेल, तेच नोंदवलं जाईल, आणि उदगीर उघडायला जावं तर आपल्याच घरचा प्रिंटर उघडेल.

खरा छळ घड्याळाचा. टीसिगच्या सहीत वेळ असते आणि साधारण ३०० सेकंदांपलीकडचा फरक सर्व्हर खपवून घेत नाही. जुन्या पीसीतला घड्याळ चालवणारा सीआर २०३२ सेल मेलेला असतो. लाईट आली की पीसी थेट मागच्या कुठल्यातरी सालात जागा होतो, सर्व्हर 'बॅडटाइम' म्हणून हाकलतो आणि गावभर शिव्या नेटवाल्याला. सेल बदला. नेटवरून घड्याळ जुळवणारा क्रोनी लावा, त्यात मेकस्टेप, म्हणजे एका उडीत वेळ जुळवायची मुभा, ठेवा. त्याशिवाय क्रोनी वर्षांचा फरक मुंगीच्या पावलानं भरत बसतो. अपडेटची स्क्रिप्ट वेळ जुळल्यावरच चालू द्या.

आणि झोन फाइल, म्हणजे नावांची-पत्त्यांची यादी, हातानं उघडायची खाज आलीच, तर आधी आरएनडीसी फ्रीझ (आपोआप होणारे बदल थांबवा), मग बदल, मग थॉ (पुन्हा चालू करा). नाहीतर फाइल आणि जर्नल (आपोआप झालेल्या बदलांची वही) यांच्यात भावकी पेटते, पुढच्या रीस्टार्टला झोन लोडच होत नाही, आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर एकदमच गायब.