रेलवर खुणा पडल्यात म्हणे!

"रेलवर क्लॅम्पच्या खुणा पडल्यात, मॅडम. आता ही वापरलेली सीट झाली. परत घेता येत नाही."

काल संध्याकाळी सायकलची नवी सीट परत करायला दुकानात गेले तेव्हा हे ऐकलं आणि तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर नाही. खुणा पडल्यात! पडणारच. सीट बसवायची म्हणजे तिच्या पोटाखालच्या दोन सळया, म्हणजे रेल, सीटपोस्टच्या (सीट ज्या दांड्यावर बसते त्याच्या) क्लॅम्पमध्ये धरून बोल्ट आवळावाच लागतो, आणि आवळला की ओरखडा उठतोच. ढिला ठेवला तर पहिल्याच खड्ड्यात सीटचं नाक वर. मी तर आधीच धसका घेतला होता. परत करायची वेळ आली तर डाग नको म्हणून रेलला चिकटपट्टी गुंडाळून मग सीट चढवली. पाच किलोमीटरवर ती मागे सरकली. रस्त्याकडेला उतरले, अ‍ॅलन की काढली, पट्टी सोलली आणि नीट आवळली. तेव्हा पडल्या त्या खुणा. खोका जपून ठेवलेला, बिल पाकिटात, सीटवर धुळीचा कण नाही. आणि त्या माणसाने सीट उलटी केली, मोबाइलचा दिवा मारला आणि चोर पकडल्यासारखा चेहरा करून मला ओरखडे दाखवले.

बसून बघितल्याशिवाय सीट कळत नाही. बसायचं तर क्लॅम्प आवळायचा. आवळला की परत नाही. हा नियम करणाऱ्याने आयुष्यात सलग तीन तास सायकल चालवली आहे का? चप्पल पायात घालून बघता येते, चश्मा डोळ्यांवर लावून बघता येतो, गादीवर आडवं होऊन बघता येतं. आणि जिच्यावर तासन्‌तास सगळा भार टाकायचा, तेही अंगातल्या सगळ्यात नाजूक भागाचा, ती वस्तू खोक्यावरचा फोटो बघून घ्यायची.

मी म्हटलं, "दादा, दुकानात चार-पाच सीटा नुसत्या चाचणीसाठी ठेवा ना. ओरखडे असू देत. लोक आठवडाभर नेतील, पसंत पडेल ती नवी विकत घेतील." असं करणारी दुकानं आहेत, चाचणीच्या सीटा पुरवणाऱ्या कंपन्याही आहेत, मी काही स्वर्गातली गोष्ट मागत नव्हते. तर म्हणे, दुसऱ्याने बसलेली सीट कोणी लावून घेत नाही. मी घेते! पाच सीटा विकत घेऊन त्यातल्या चार माळ्यावर टाकल्यावर मी कोणाचीही सीट लावून घ्यायला तयार आहे.

मग त्याने ते केलं ज्याची मला सगळ्यात जास्त चीड आहे. सीटवर अंगठा दाबला. "बघा ना, किती मऊ आहे." प्रत्येक दुकानात, प्रत्येक वेळी, तोच अंगठा! अंगठ्याला मऊ लागणारी सीट पहिले दहा मिनिटं छान वाटते. मग हाडं फोममध्ये रुततात, बाजूचा दबलेला फोम मधोमध वर येतो आणि नेमका तिथे दाब देतो जिथे हाड नाही, नस आहे आणि रक्तवाहिनी आहे. मऊपणा म्हणजे आराम नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो हसला. "शंभर-दोनशे किलोमीटर होऊ द्या, मॅडम. सवय होईल."

सवय होईल. या दोन शब्दांना बंदी घातली पाहिजे.

नव्याने सायकल सुरू केली की पहिला आठवडा-पंधरवडा हाडांवरचं मांस दुखतं, ते कमी होतं, कबूल. पण मला दुखत नाहीये, मला बधिर होतंय. 35 किलोमीटरवर मुंग्या, 45 वर काहीच जाणवत नाही, आणि उतरल्यावर जाग आली की जीव नकोसा होतो. नस दबते आहे, शरीर ओरडून सांगतं आहे की थांब, आणि हा मला सांगतो अजून दोनशे किलोमीटर दाबत राहा. शिवाय दोनशे किलोमीटरनंतर रेलवर खुणांची रांगोळी असेल, मग तर सीट परत घ्यायचा प्रश्नच मिटला.

मला वाटतं हे सवयीचं खूळ चामड्याच्या सीटांपासून आलंय. इंग्लंडच्या ब्रुक्स कंपनीने 1882 मध्ये चामड्याच्या सीटचं पेटंट घेतलं. तशा सीटमध्ये चामडं पुढून मागे झोळीसारखं ताणलेलं असतं, आणि ते खरोखर बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे हळूहळू घडत जातं. तिथे सवय सीटला होते! माझ्या सीटला खाली प्लॅस्टिकचं कवच आहे. ते जन्मभर माझा आकार घेणार नाही. घडायचं कोणी? मी. सोलवटायचं कोणी? मी.

आणि सवयच व्हायची असती तर लोराँ फिन्यॉनला झाली असती. 1983 आणि 1984 ची टूर द फ्रान्स सायकल शर्यत जिंकलेला माणूस. 1989 मध्ये शेवटच्या दिवशी 50 सेकंदांची आघाडी घेऊन सायकलवर बसला आणि 8 सेकंदांनी टूर हरला. बसायच्या जागी झालेल्या जखमेने त्याला नीट बसताच येत नव्हतं. तो फक्त त्या जखमेमुळे हरला असं मी म्हणत नाही, समोर ती टूर जिंकणारा ग्रेग लेमाँड होता. पण ज्याचं अख्खं आयुष्य सीटवर गेलं त्यालाही जखम झाली, आणि मला सांगतात तुम्ही अजून कच्च्या आहात.

आता विषय निघालाच आहे तर "लेडीज सीट"बद्दल बोलू द्या. माझी तिसरी सीट ती होती. दुकानातल्या मुलाने मला वरून खालपर्यंत एकदा बघितलं आणि रुंद सीट काढून दिली. का? मी बाई आहे म्हणून. बायकांची कंबरेची हाडं सरासरी रुंद असतात, हे खरं. पण सरासरी सायकल चालवत नाही, मी चालवते. मी घरी मोजलं: जिन्याच्या पायरीवर नालीदार पुठ्ठा ठेवला, पाय जरा वर घेऊन पुढे वाकून बसले, उठले, आणि पुठ्ठ्यात पडलेल्या दोन खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टी लावली. 112 मिलिमीटर. माझ्यापेक्षा रुंद हाडांचे कितीतरी पुरुष रस्त्यावर अरुंद सीटवर कळवळत असतील, कारण त्यांनाही कोणी मोजलेलं नाही. दोन मिनिटांचं काम आहे. पुठ्ठा तर दुकानात ढिगाने पडलेला असतो, सगळा माल त्यातच येतो! त्या रुंद सीटने दोन्ही मांड्या आतून अशा घासल्या की आठवडाभर पाय फाकवून चालत होते. शेवटी जांघेत गळू. डॉक्टर म्हणाले, महिनाभर सायकल बंद.

आणि हे कोणी बोलत नाही, याचाही मला राग आहे. पुरुषांच्या त्रासाचा निदान अभ्यास तरी झाला. 2008 साली अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या 90 पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीटवर बसवून बघितलं आणि त्यांचा बधिरपणा उतरला. चांगलंच झालं. पण आम्ही बायका अजून एकमेकींच्या कानात सांगतो. सूज आली, लघवीला जळजळ होते, एका बाजूला गाठीसारखं लागतं. ग्रुपमध्ये टायरच्या हवेवर दोनशे मेसेज पडतात, आणि यावर एक मैत्रीण रात्री अकरा वाजता वेगळा मेसेज करते, "अगं, तुलाही होतं का?" होतं, बाई. सगळ्यांना होतं.

बरं, 112 मोजले. शहाण्यासारखं त्यात वीस-पंचवीस मिलिमीटर मिळवले, कारण हाडांच्या बाहेरही थोडा आधार लागतो. आकडा आला 135 च्या आसपास. म्हणून ही पाचवी, कालची, 143 मिलिमीटर रुंदीची आणली. कागदावर अगदी चोख. पण खोक्यावरचा 143 हा सीटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा आकडा. सीट मागून बघितली तर उलट्या वाटीसारखी गोल! मधे उंच, दोन्हीकडे उतार. माझी हाडं पडली उतारावर, आणि भार गेला मधल्या उंचवट्यावर. सपाट सीट 143 आणि फुगीर सीट 143 यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक खोक्यावर कुठेही छापत नाहीत. वजन मात्र ग्रॅममध्ये, मोठ्या अक्षरात. 218 ग्रॅम! मला काय करायचंय त्या ग्रॅमचं? माझ्या पाण्याच्या बाटलीत त्याहून जास्त वजन हलतं. सीट किती हलकी आहे हे मला ठाऊक, कुठे किती सपाट आहे हे ठाऊक नाही.

त्या दुकानदाराला मी हेही दाखवलं. वर पट्टी आडवी धरून दोन्ही बाजूंची फट दाखवली. तर म्हणे, "तुमची सीट पुढे झुकलीय, ती आधी लेव्हल करा." कुठून येतो हा लेव्हलचा हट्ट? शर्यतींचे नियम करणारी यूसीआयसुद्धा सीटला 9 अंशांपर्यंत झुकाव चालवून घेते, आणि यांना माझे दोन अंश खुपतात. ते दोन अंश मी कसे मिळवले ते माझं मला माहीत. माझ्या जुन्या सीटपोस्टला एकच बोल्ट आणि खाली दाते. एका दात्यावर नाक टोचतं, पुढच्या दात्यावर मी घसरून हँडलवर जाते आणि तळहात सुन्न. मधली जागा त्या दात्यांत नाहीच. शेवटी दोन बोल्टचा सीटपोस्ट घेतला. एक पाव फेरा ढिला, दुसरा पाव फेरा घट्ट, दीड महिना, रोज. आणि हा डोळ्यांनी बघून म्हणतो लेव्हल करा.

दर नव्या सीटबरोबर उंचीचंही सगळं पहिल्यापासून. एक सीट जाड, दुसरी पातळ. क्रँकच्या, म्हणजे पेडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत टेप लावून परत माप घ्यायचं. सात-आठ मिलिमीटर उंच राहिली तरी पेडल खाली जाताना कंबर डावी-उजवी डोलते, आणि मग घासतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, दोन सीटा बिनगुन्ह्याच्या माळ्यावर टाकल्यावर कळलं. मग कोणी सुचवलं मधे खाच असलेली घ्या. घेतली. मधला दाब गेला खरा, पण खाचेच्या दोन्ही कडा रुतायला लागल्या. आणखी कोणी म्हणालं जेलचं कव्हर चढवा. ते कव्हर चढावर मागे सरकतं, उतारावर पुढे सरकतं, आणि त्याच्या शिवणी पॅडेड शॉर्ट्सच्या शिवणीवर येतात. अर्ध्या रस्त्यात काढून बॅगेत कोंबलं. परत बाहेर काढलं नाही.

आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त काय लागलं ते सांगते. मला बसणारी सीट जगात होती. माझ्या जुन्या सायकलबरोबर आली होती, अकरा वर्षं वापरली. साधी, काळी, मागे सपाट, नाक लांब. तिच्यावर बसून मी दिवसाला दीडशे किलोमीटर केले आहेत आणि संध्याकाळी उतरल्यावर सीटचा विचारही मनात आला नाही. अकरा वर्षं मी तिचं नावसुद्धा वाचलं नव्हतं, इतकी ती गुमान होती. मग फोम बसला, नाकावरचं कव्हर फाटलं. उलटी करून नाव वाचलं, शोधायला गेले, तर मॉडेल बंद. त्याच नावाची "सुधारित" सीट बाजारात आहे. नाक तीन सेंटिमीटर आखूड, मागचा भाग वाटीसारखा गोल. कोणी सांगितलं होतं सुधारायला? ज्यांना ती बसत होती त्यांच्यापैकी एकाला तरी विचारलं? बूट बंद केला तर दुसरा बूट घालता येतो. चार वर्षं झाली, मी अजून त्या एका सीटच्या मागे फिरते आहे. जुन्या सायकली विकायला काढलेल्या दिसल्या की फोटो मोठा करून आधी सीट बघते. मागच्या महिन्यात एक सापडली. त्या माणसाला फक्त सीट मागितली, तर म्हणाला, सायकलसकट घ्यायची असेल तर बोला.

काल घरी आले ती थेट माळ्यावर चढले. फाटकी सीट खाली काढली. बसलेल्या फोमवर जुन्या योगा मॅटचे दोन तुकडे हाडांच्या जागी कापून लावले, बरोब्बर 112 मिलिमीटरवर, वरून काळी टेप घट्ट ताणून गुंडाळली. रेलवर अकरा वर्षांच्या खुणा आहेत, क्लॅम्प कुठे धरायचा हे त्या खुणांवरूनच कळलं, टेपने माप घ्यावं लागलं नाही. आज पहाटे 60 किलोमीटर जाऊन आले. बधिर झालं नाही. टेप एका कडेला सुटली आहे, ती रात्री परत लावते. उद्या ती 143 घेऊन पुन्हा त्या दुकानात जाणार आहे, आणि या वेळी पुठ्ठाही बरोबर नेणार आहे.