जुगाड, जुगार आणि निजाम

सध्या एक संदेश फिरतोय : ‘जुगाड’ हा मराठवाड्याचा अस्सल शब्द, तो ‘जुगार’वरून आला, कारण दुष्काळी शेतकरी रोज नशिबाशी खेळतो; ‘हिकमत’, ‘तजवीज’ हे मात्र निजामाने लादलेले, ते टाका. मला तो गावच्या तीन ग्रुपांवर आला. आपल्या मातीच्या अभिमानापोटीच लोक तो पुढे ढकलतात, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

‘जुगार’ संस्कृत ‘द्यूतकार’वरून, झिजत झिजत आला. ‘जुगाड’ आपल्याकडे हिंदीतून आला. उत्तरेत पाणी उपसायचं डिझेल इंजिन बसवून गावातच जोडलेल्या गाडीलाही जुगाडच म्हणतात. नुसत्या कानाला सारखं लागलं म्हणून सोयरीक जुळत नाही. आपला शब्द हवाच असेल तर ‘जुगत’ आहे की! यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, तशी युक्तीची जुगत.

निजामाचं म्हणाल, तर शाळा-कचेऱ्यांतल्या उर्दूचा जाच आमच्या आजोबांच्या पिढीने १९४८पर्यंत सोसला, तो मी नाकारत नाही. पण निजामाचं आसफजाही राज्य १७२४चं. त्याआधीच अरबी-फारसी शब्द दरबारी मराठीत इतके मुरले होते की शिवाजी महाराजांनी त्यांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. आणि निजामाने लादले म्हणावं, तर पुण्या-कोकणातही ‘हिकमती माणूस’ कसा?

खरं नुकसान पुढे आहे. सगळ्यालाच जुगाड म्हटलं की फरक पुसला जातो. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ती तजवीज. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत अडलं आणि चौघांनी बसून मार्ग काढला, तर तो तोडगा. हा शब्द मुळात करणी-बाधा उतरवायच्या उपायाचा. हिकमतीला डोकं आणि हात दोन्ही लागतात. अरबीत हिकमत म्हणजे शहाणपण, हकीमही त्याच कुळातला.

विजेच्या तीन फेजांपैकी एक गेली की कंडेन्सर लावून मोटर चालवतात, त्याला खुशाल जुगाड म्हणा. पीक त्या रात्रीपुरतं वाचतं, मोटरीतल्या तारांचं वाइंडिंग मात्र जळू शकतं. आमचे वडील असं करताना म्हणायचे, “आजचं भागवलं.” जळालेली मोटर दुसऱ्या दिवशी खोलून नीट भरून देणाऱ्या मिस्त्रीला ते हिकमती म्हणत.