जपानची घटना, कलम ९ आणि एक एकतर्फी पण भारी डॉक्युमेंटरी

जॉन जंकरमनची ‘जपान्स पीस कॉन्स्टिट्यूशन’ शेवटी बघून झाली. २००५ ची डॉक्युमेंटरी आहे, सव्वा तासाची, आणि विषय एकच, जपानने आपल्या घटनेतलं कलम ९ ठेवावं की काढावं. आता यात डिबेट वगैरे फार नाहीये हे आधीच सांगून टाकतो. दिग्दर्शकाचं मत पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि बोलणारे जवळपास सगळेच त्याच्या बाजूचे आहेत. तरी बघाच म्हणेन, कारण आपल्याकडे जपान म्हणजे बुलेट ट्रेन, शिस्त आणि हिरोशिमा, यापलीकडे गाडी जातच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कलम ९ म्हणतं की जपानी जनता युद्ध करण्याचा राष्ट्राचा हक्क कायमचा सोडून देते, आंतरराष्ट्रीय भांडणं मिटवायला बळाचा वापर करणार नाही, आणि त्यासाठी भूदल, नौदल, हवाईदल किंवा दुसरी कुठलीही युद्धक्षमता बाळगणार नाही. बाळगणार नाही म्हणजे नाहीच. ३ नोव्हेंबर १९४६ ला ही घटना जाहीर झाली, ३ मे १९४७ ला लागू झाली आणि तेव्हापासून आजपर्यंत तिच्यात एकही दुरुस्ती झालेली नाही. कलम ९ सोडा, कुठल्याच कलमात नाही. आपल्या घटना समितीची पहिली बैठक झाली ९ डिसेंबर १९४६ ला, म्हणजे या दोन घटना तशा एकाच काळातल्या, आणि आपण पहिली दुरुस्ती १९५१ मध्येच केली, २०२३ पर्यंत १०६ झाल्या.

घटना बदला म्हणणाऱ्यांचा जपानमधला सगळ्यात जुना युक्तिवाद असा की ही घटना आमची नाहीच, अमेरिकनांनी लिहून आमच्या गळ्यात मारली. १९५५ मध्ये लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन झाला तेव्हापासून ‘आपली स्वतःची घटना’ हे त्यांचं ध्येय आहे. आणि यात तथ्य आहेच ना. फेब्रुवारी १९४६, जपानी सरकारच्या समितीने केलेला मसुदा एका पेपरने फोडला, तो बघून, युद्ध हरलेल्या जपानचा ताबा घेतलेल्या सैन्याचा अमेरिकन प्रमुख जनरल मॅकआर्थर वैतागला कारण त्यात सम्राटाचं स्थान जवळपास जुनंच होतं, मग त्याने आपल्याच मुख्यालयातल्या पंचवीसेक माणसांना बसवलं आणि आठवडाभरात नवा मसुदा तयार! १३ फेब्रुवारीला तो जपानी मंत्र्यांच्या हातात. जगात कुठल्या देशाची घटना इतक्या घाईत लिहिली गेली असेल असं वाटत नाही.

त्या पंचवीस जणांत एक बावीस वर्षांची मुलगी होती, बेयाटे सिरोटा. फिल्ममध्ये ती स्वतः बोलते, तेव्हा अर्थात म्हातारी झालेली. जन्म व्हिएन्नाचा, वडील पियानोवादक, ते टोकियोला शिकवायला आले आणि ही तिथेच वाढली, जपानी अस्खलित बोलायची. तिला स्त्रियांच्या हक्कांचं काम मिळालं तर ही जीप घेऊन टोकियोतल्या लायब्रऱ्या धुंडाळत फिरली आणि दुसऱ्या देशांच्या घटनांची पुस्तकं गोळा करून आली. विवाह दोघांच्या संमतीनेच, नवरा-बायकोला समान हक्क, हे कलम २४ तिच्यामुळे आलं. नंतर कित्येक वर्षं ती याबद्दल गप्प राहिली. एक तर काम गुप्त होतं, आणि दुसरं म्हणजे बावीस वर्षांच्या पोरीने लिहिलंय हे कळलं तर विरोधकांच्या हातात आयतं कोलीत मिळेल ही भीती. काय गंमत आहे बघा, तिने जे लिहिलं त्याचा फायदा कोट्यवधी बायकांनी घेतला आणि लिहिणारीला तोंड बंद ठेवावं लागलं.

पण ‘लादली’ म्हणून विषय संपत नाही. १९४५ च्या शेवटीच सुझुकी यासुझो आणि त्यांच्या अभ्यासगटाने, म्हणजे जपानी माणसांनीच, लोकांना सार्वभौम मानणारा एक मसुदा छापला होता आणि मुख्यालयातल्या लोकांनी तो वाचला होता, त्यातलं बरंच नव्या घटनेत दिसतं. १० एप्रिल १९४६ ला निवडणूक झाली, त्यात जपानी बायकांनी पहिल्यांदा मत दिलं, ३९ बायका निवडून आल्या, आणि त्या संसदेत काही महिने चर्चा होऊन घटना पास झाली. कलम ९ ची कल्पना कोणाची यावर तर अजून इतिहासकार भांडतायत. मॅकआर्थर नंतर म्हणाला की ती पंतप्रधान शिदेहारांची, काही जण म्हणतात तो जबाबदारी झटकत होता. मला विचाराल तर या भांडणात आता फार अर्थ उरलेला नाही. जी घटना लोकांनी इतकी वर्षं वापरली, कोर्टात जिच्यावर केसेस लढल्या, जिच्यासाठी १९६० मध्ये (अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध) आणि २०१५ मध्ये संसदेला वेढा घातला, ती त्यांची नाही तर कोणाची?

फिल्ममध्ये मला सगळ्यात जास्त पटला तो चाल्मर्स जॉन्सनचा मुद्दा. हा माणूस कोणी जन्मजात शांततावादी नव्हे, एकेकाळी सीआयएचा सल्लागार होता, नंतर अमेरिकेच्या लष्करी तळांचा मोठा टीकाकार झाला. त्याचं म्हणणं असं की कलम ९ हीच जपानने आशियाची मागितलेली माफी आहे, ते काढलं तर माफी मागे घेतल्यासारखं होईल. हे ऐकल्यावर जंकरमन कॅमेरा घेऊन कोरियाला, चीनला का गेला हे कळतं. कोरियन इतिहासकार कांग मान-गिल, हान होंग-कू, ‘कम्फर्ट विमेन’ म्हणून ज्या बायकांवर जपानी सैन्याने अत्याचार केले त्यांच्यासाठी लढणाऱ्या शिन हेइसू, ही माणसं बोलतात तेव्हा जपानच्या घटनेचा प्रश्न एकट्या जपानचा राहत नाही. ज्यांच्या घरात सैन्य घुसलं होतं त्यांना दिलेला तो शब्द आहे. सीरियाचे मिशेल किलो आणि लेबनॉनचे पत्रकार जोसेफ समाहा यांनाही गाठलंय. जपानची घटना काय ठेवायची हे विचारायला बैरुतला जायचं हे डोकं लागतं राव. आणि त्याला कारण होतं, जपानी सैनिक तेव्हा इराकमध्ये होते.

आता इथेच फिल्म हात आखडता घेते असं माझं मत. विरोधकांचा दुसरा युक्तिवाद पहिल्यापेक्षा खूप दमदार आहे. तो असा की बाबांनो, तुमचं कलम ९ कधीच कोलमडलंय, फक्त मान्य करायची हिंमत नाही. आणि यादी काढली तर खरंच डोकं चक्रावतं. १९५० ला कोरियन युद्ध सुरू झालं, मॅकआर्थरनेच ७५,००० माणसांचं ‘राखीव पोलीस दल’ उभं करायला लावलं, ज्याने चार वर्षांपूर्वी सैन्य नको असं लिहून घेतलं त्यानेच! १९५४ मध्ये त्याचं ‘स्वसंरक्षण दल’ झालं, रणगाडे, युद्धनौका, विमानं सगळं आलं, पण सैन्य म्हणायचं नाही. १९७३ मध्ये साप्पोरोच्या जिल्हा कोर्टाने हे दल घटनाबाह्य ठरवलं, वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. १९९१ च्या आखाती युद्धात सैनिक पाठवता येत नाहीत म्हणून जपानने १३०० कोटी डॉलर मोजले, आणि युद्धानंतर कुवेतने अमेरिकन पेपरात जाहिरात देऊन ज्या देशांचे आभार मानले त्यात जपानचं नावच नव्हतं. हा अपमान टोकियोतल्या सरकारी लोकांच्या फार जिव्हारी लागला. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाण्याचा कायदा झाला आणि जपानी सैनिक कंबोडियात पोचले.

आणि मग समावा. २००४ मध्ये इराकच्या या शहरात जपानी सैनिक गेले, पाणी शुद्ध करायला, रस्ते-शाळा दुरुस्त करायला. लढायची परवानगी नाही. म्हणून त्यांच्या आजूबाजूची सुरक्षा कोण बघणार तर आधी डच सैन्य, मग ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन. एका देशाच्या सैन्याचं रक्षण दुसऱ्या देशांचं सैन्य करतंय, कारण पहिल्याला घटनेने सैन्यच नाहीये! हसावं की रडावं? विरोधक हे उदाहरण देतात तेव्हा त्यांना उत्तर मागण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि अशा एका तरी माणसाला समोर बसवून जंकरमनने बोलू द्यायला हवं होतं. उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं डोक्यावरून जातात तेव्हा जपानी माणसाला भीती वाटत असेल तर ती भीती खोटी म्हणून चालणार नाही, १९९८ मध्ये गेलं, २०१७ मध्ये गेली, २०२२ मध्ये परत गेलं.

दुसरी एक खटकणारी गोष्ट, ओकिनावा. याला जास्त वेळ हवा होता. जपानच्या ०.६ टक्के जमिनीवर देशातल्या अमेरिकन लष्करी तळांचा साधारण ७० टक्के भार आहे, आणि १९७२ पर्यंत हे बेट अमेरिकेच्याच ताब्यात होतं म्हणजे ज्या घटनेचे आपण गोडवे गातोय ती तिथे लागूच नव्हती. बाकीचा जपान शांततावादी राहिला त्याची किंमत या बेटाने भरली असं कोणी म्हणालं तर मला तरी खोडता येणार नाही. जंकरमनने नंतर २०१५ मध्ये ओकिनावावर वेगळी डॉक्युमेंटरी केली, पण मुद्दा इथलाच होता.

मग माझं मत काय? कलम ९ ठेवावं. पण कारण ते पवित्र आहे म्हणून नाही. ते कधीच पूर्ण पाळलं गेलं नाही हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच, १९५४ पासून आजपर्यंत या दलाने लढाईत एकही माणूस मारलेला नाही. व्हिएतनाममध्ये दक्षिण कोरियाचे सैनिक गेले, जपानचे गेले नाहीत. प्रत्येक वेळी सरकारला नवा कायदा करावा लागला, संसदेत उत्तरं द्यावी लागली, कोर्टात उभं राहावं लागलं. २००८ मध्ये नागोयाच्या हायकोर्टाने तर जपानी हवाईदलाने बगदादला सैनिक पोचवणं घटनेविरुद्ध आहे असं निकालात लिहिलं. ब्रेक घासलेला असला तरी लागतो, आणि चालवणाऱ्याला माहीत असतं की तो आहे.

आणि माझा खरा राग घटना उघडपणे बदला म्हणणाऱ्यांवर नाहीच. तो आहे न बदलता बदलणाऱ्यांवर. दुरुस्तीचा रस्ता कलम ९६ मध्ये स्पष्ट आहे, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि मग जनतेचं सार्वमत. शिंझो आबे २०१२ मध्ये परत सत्तेवर आले तेव्हा आधी हे कलम ९६ च सोपं करायचं घाटत होतं, तेव्हा सेत्सु कोबायाशी नावाचे घटनातज्ज्ञ, जे स्वतः घटना बदला म्हणणाऱ्यांतले, ते म्हणाले ही तर मागच्या दाराने अ‍ॅडमिशन झाली. ते बारगळलं. मग सरकारला कायदेशीर सल्ला देणाऱ्या विभागाचा प्रमुख म्हणून प्रथा मोडून परराष्ट्र खात्यातला माणूस आणला, आणि १ जुलै २०१४ ला मंत्रिमंडळाने बसून ठरवलं की कलम ९ चा अर्थ आता असा घ्यायचा की मित्रदेशावर हल्ला झाला तरी ठराविक परिस्थितीत आपण लढू शकतो. झालं! जूनमध्ये, म्हणजे २०१५ च्या, संसदेच्या समितीसमोर तीन घटनातज्ज्ञ बोलावले, त्यातले यासुओ हासेबे सत्ताधारी पक्षानेच सुचवलेले, आणि तिघांनीही सांगितलं की हा नवा अर्थ अंमलात आणणारे कायदे घटनाबाह्य आहेत. आपल्याच साक्षीदाराने विरोधात साक्ष दिली तरी सप्टेंबरमध्ये कायदे पास.

सगळ्यात बोलकी गोष्ट पुढची. २०१६ च्या निवडणुकीनंतर घटना बदलू इच्छिणाऱ्यांकडे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश होते. आबेंनी ३ मे २०१७ ला सांगितलंही की कलम ९ मध्ये स्वसंरक्षण दलाचा उल्लेख घालू, २०२० पर्यंत करू. आकडे होते, पंतप्रधान होते, त्यांचे आजोबा, माजी पंतप्रधान किशी यांचं तेच स्वप्न होतं, आणि तरी प्रस्ताव जनतेपुढे गेला नाही. का? हरायची भीती, दुसरं काय. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी ४३ लाख कोटी येनचा संरक्षण खर्च ठरला, शत्रूच्या तळांवर उलटा मारा करायची क्षमताही घ्यायची ठरलं, आणि घटनेतलं कलम जसंच्या तसं. लोकांना विचारलं असतं आणि लोकांनी हो म्हटलं असतं तर मी नाराज झालो असतो पण गप्प बसलो असतो, त्यांचा देश आहे.

एक अवांतर, पण सांगतोच. सेवाग्रामच्या आश्रमात प्रार्थना ‘नम्यो हो रेंगे क्यो’ने सुरू होते हे वर्ध्याकडच्या लोकांना माहीत असेल. हा मंत्र तिथे ठेवला तो एका जपानी बौद्ध भिक्षूने, जपान युद्धात उतरल्यावर इंग्रजांनी त्याला आश्रमातून उचलून नेलं. गांधीजींनी १९४२ मध्ये जपानी जनतेला उद्देशून जे पत्र लिहिलं त्यात त्याची आणि त्याच्या छोट्या ढोलाची आठवण आहे, आणि त्याच पत्रात चीनवर केलेल्या आक्रमणाबद्दल जपानला सरळ सुनावलंय. त्याच पंथाचे भिक्षू पुढे १९५० च्या दशकात टोकियोजवळ सुनागावाला अमेरिकन विमानतळ वाढवण्याविरुद्ध शेतकऱ्यांबरोबर ढोल वाजवत बसले होते. म्हणजे कलम ९ च्या बाजूच्या माणसांचा एक धागा आपल्या विदर्भातूनही जातो.

फिल्मकडे येतो. अमेरिकन विचारवंत नोम चॉम्स्की आहे, जपानवर लिहिणारा इतिहासकार जॉन डाऊअर आहे, दोघं जे बोलतात ते तुम्ही इतरत्र वाचलं असेल, चॉम्स्कीचा भाग पळवला तरी चालेल. बेयाटेचा पळवू नका, आणि कोरियन लोकांचा तर अजिबात नाही. बघून झाल्यावर कलम ९ काढा असं कोणाचं मत झालं तर कमेंटमध्ये नीट लिहा, ‘अमेरिकेने लादली’ हे सोडून दुसरं काही असेल तर वाद घालायला मजा येईल.