दुधाची पिशवी कोण आणणार?

गेल्या वर्षी आमची डोंबिवली पूर्वेची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही पश्चिमेला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. लिफ्ट आहे, पार्किंग आहे. बाबांना (वय ७४, रेल्वेतून निवृत्त) कसला त्रास नको म्हणून मी पहिल्याच आठवड्यात दूध, पेपर, भाजी सगळं मोबाईलवरून घरपोच लावून टाकलं. वर त्यांना म्हटलं, "आता आरामात बसा." ते बसले. खरंच बसले.

पूर्वेला त्यांची सकाळ ठरलेली असायची. पावणेसहाला उठायचं, दाराच्या खिळ्याला अडकवलेली कापडी पिशवी घ्यायची, दुधाच्या सेंटरवर सुट्ट्या पैशांवरून थोडी हुज्जत घालायची आणि येताना मैदानाच्या कट्ट्यावर पाऊण तास बसायचं. तिथे आठ-दहा जण, सगळे सत्तरीच्या आगेमागे. कुणाचा मोतीबिंदू, कुणाची सून, आणि महापालिकेचा उद्धार तर रोजचाच. आई होती तेव्हा चिडायची, "दूध आणायला जाता की काढायला?"

पश्चिमेहून कट्टा गाठायचा म्हणजे स्टेशनचा पूल चढा आणि उतरा. गुडघे ऐकेनात. आधी आठवड्यातून एकदा जायचे, मग महिन्यातून, मग विषयच निघेना.

तीनेक महिन्यांनी बायको म्हणाली, "बाबांनी चार दिवस दाढी केलेली नाही." मी म्हटलं, वय झालं आता. रडणं नाही, चिडचिड नाही; तक्रार काय तर गॅस, पाठ आणि भूक नाही. म्हाताऱ्या माणसांचं डिप्रेशन पुष्कळदा असं पोटातून आणि पाठीतून बोलतं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं! फॅमिली डॉक्टरांनी थायरॉईड आणि बी-१२ तपासलं. (तपासावंच. त्यात गडबड असली तरी माणूस असाच मलूल होतो.) बी-१२ थोडं कमी होतं. इंजेक्शनं झाली, पण फरक पडेना. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. जिन्यात बाबा थांबले. "मला वेड लागलंय असं वाटतं का रे तुला?"

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, जाग किती वाजता येते?"

"साडेतीनला."

"मग?"

"मग काय, पंख्याकडे बघत पडतो."

मी शेजारच्या खोलीत झोपतो. मला पत्ताच नव्हता.

दिवसभर काय करता, दूध-भाजी कोण आणतं, असं त्या विचारत गेल्या. मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "काही करावं लागत नाही मॅडम, सगळं दारात येतं." त्यांनी गोळी लिहून दिली, परिणाम दिसायला दोन-चार आठवडे लागतील, मधेच बंद करू नका म्हणाल्या. आणि उठता उठता मला म्हणाल्या, "ते घरपोच दूध तेवढं बंद करा."

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, आणि मिळेल ते वाचतोय. केंब्रिज आणि चीनच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे २ लाख ८७ हजार लोकांच्या नऊ वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या. अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ७ ते ९ तास झोपणाऱ्यांमध्ये डिप्रेशनचा धोका २२ टक्के कमी दिसला. कधीच सिगरेट न ओढणाऱ्यांमध्ये २० टक्के, माणसांत ऊठबस असणाऱ्यांमध्ये १८, नियमित व्यायामाला १४, फार वेळ बसून न राहण्याला १३. चांगल्या आहाराला ६! आमच्या घरात ज्यावरून रोज रणकंदन होतं ते भिजवलेले बदाम आणि हळदीचं दूध सगळं या सहात. खा, जरूर खा, पण झोप आणि गप्पा यांना आपण 'सवय' म्हणून मोजतच नाही. उलट कट्ट्यावर बसणाऱ्याला रिकामटेकडा म्हणतो.

(त्याच यादीत 'माफक मद्यपान' ११ टक्के आहे. ग्रुपमधल्या ठरावीक मंडळींनी लगेच स्क्रीनशॉट काढू नये. दारूचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी सांगितलंय.)

हे आकडे म्हणजे हमी नाही, हेही कळतं. झोप उडाली म्हणून डिप्रेशन आलं की डिप्रेशन येऊ घातलं होतं म्हणून झोप उडाली, हे असल्या अभ्यासातून पुरतं सुटत नाही. तरी २०२२ मधला एक आकडा मला चटका लावून गेला. आठवड्याला सव्वा तास भरभर चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांमध्ये धोका, अजिबात न करणाऱ्यांपेक्षा, १८ टक्के कमी. म्हणजे दिवसाला जेमतेम अकरा मिनिटं. बाबांचं दूध सेंटर जाऊन-येऊन बारा मिनिटांवर होतं. ते भरभर चालत नसत, मान्य. पण चालणं, सकाळचं ऊन, ठरलेल्या वेळी उठणं आणि चार माणसं, हे सगळं त्या एका कापडी पिशवीत होतं, आणि मी ते ॲपवर दोन मिनिटांत बंद केलं.

एक राग मात्र ओकून टाकतो. नातेवाइकांत कळल्यावर प्रत्येकाने फोन करून सांगितलं, "फिरायला जा, मन रमवा, सकारात्मक विचार करा." अहो, ज्याला अंघोळीला उठणं डोंगराएवढं वाटतंय त्याला पर्वतीच्या पायऱ्या काय सांगता? सवयी हे कुंपण आहे. गुरं आत शिरल्यावर आधी ती हाकलावी लागतात, आणि त्याला डॉक्टर लागतो. पहिले पाच आठवडे आम्ही बाबांना कुठेही चला म्हटलं नाही. गोळी आणि झोप, बस. डॉक्टरांपर्यंत जायचंच धाडस होत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

सहाव्या आठवड्यात मी दूध बंद केलं आणि पिशवी नव्या दाराला अडकवली. खिळा ठोकला म्हणून घरमालक कुरकुरला. पहिले दोन दिवस बायकोच गेली. तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "सेंटर कुठेशी आहे?"

आता रोज जातात. रविवारी रिक्षाने कोपर पुलावरून जुन्या कट्ट्यावर. गोळी अजून चालू आहे, मधूनच एखादा दिवस पडेल जातोच. दाढी मात्र एक दिवसाआड होते.

काल सव्वासात झाले तरी दुधाचा पत्ता नाही. फोन लावला तर तो घरातच वाजला. खिडकीतून पाहिलं, तर रिक्षा स्टँडच्या बाकावर कुणा अनोळखी आजोबांना हातवारे करून काहीतरी सांगतायत, पिशवी मांडीवर. बायकोने चहाखालचा गॅस बंद केला आणि म्हणाली, "दूध आणायला गेलेत की काढायला?"

मी कोरा चहा पिऊन लोकल गाठली.