दुकानाचा गल्ला आणि वर्गणीची पेटी

दुकान सांभाळून गावाचं, गावातल्या संस्थेचं काम करणाऱ्यांवरचा एक लेख वाचला; त्यात हिशेबाचा मुद्दा निसटलाय, आणि माणसं दुखावतात ती तिथेच. वर्गणीचे पैसे गल्ल्यात कधीच ठेवू नयेत. सुट्ट्यांसाठी एक नोट इकडची तिकडे झाली की रात्री दोन्ही हिशेब चुकतात. वेगळी पेटी, अनुक्रमांक छापलेलं पावतीपुस्तक, रक्कम अंकी आणि अक्षरी. चुकलेली पावती फाडायची नाही, 'रद्द' लिहून दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या. सगळ्यात नाजूक म्हणजे आपल्याच दुकानातला माल संस्थेला विकणं. तेव्हा आणखी दोघांची दरपत्रकं मागवावीत आणि निर्णयाच्या वेळी बैठकीतून उठून जावं. संस्थेला फुकट दिलेल्या वस्तूचीही दुकानाच्या साठावहीत 'देणगी' अशी नोंद हवी, नाहीतर वर्षअखेर मोजदादीत तूट दिसते आणि संशय बिचाऱ्या नोकरावर जातो.