अमेरिकेत पास झालेला नळ सोलापुरात पास होईलच असं नाही

व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "चीनमधून थेट नळ मागवा. अमेरिकेत मान्य असलेला माल कुठेही चालतो. प्रवाहाचं सर्टिफिकेट कारखाना देतो, जबाबदारी त्याची. तोंडाची जाळी टेस्टपुरती असते, नंतर काढून टाका. पाणी वाचवणारे नळ म्हणजे शुद्ध फसवणूक." आमच्या अण्णांनी, माझ्या मावसभावानं, तो खरा मानला. अशोक चौकाजवळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडून माल मागवायला निघाले होते, म्हणून लिहायला बसलो.

आधी जबाबदारीचं, कारण घर बुडवणारं वाक्य तेच आहे. मेसेज ज्या अमेरिकेचा दाखला देतो, तिथल्या ऊर्जा कायद्यात 'उत्पादन करणे' याच्या व्याख्येतच आयात येते. नळ कुठेही बनलेला असो, तो देशात आणणारा कायद्यानं उत्पादकच ठरतो. आणि आपल्याकडे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८६ काढून वाचा. सदोष मालामुळे कुणाचं नुकसान झालं आणि परदेशी उत्पादकावर नोटीस बजावता येत नसेल, किंवा इथला हुकूम त्याच्यावर चालत नसेल, तर भरपाईचा दावा विक्रेत्यावर येतो. त्या विक्रेत्याच्या व्याख्येत आयात करणारा स्पष्ट लिहिलाय. खोक्यावर नाव-पत्ताही आयातदाराचाच छापावा लागतो. गिऱ्हाईक भांडायला येणार ते अण्णांच्याच पायरीवर.

बरं, "अमेरिकेत मान्य" म्हणजे नेमकं काय? बेसिनच्या नळाला तिथली केंद्रीय मर्यादा मिनिटाला २.२ गॅलन, म्हणजे सुमारे ८.३ लिटर. कॅलिफोर्नियात घरातल्या बेसिनला १.२ गॅलन, साधारण साडेचार लिटर. म्हणजे तिथेही एकच आकडा सगळीकडे चालत नाही. शिवाय ही मोजणी ६० पीएसआय (दर चौरस इंचावर किती पौंड, हे दाबाचं माप) दाबावर होते. एवढा दाब नुसत्या उंचीनं मिळवायचा तर टाकी नळाच्या ४२ मीटर वर हवी. सोलापुरात उजनी धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं, हौदात साठतं, मोटरनं गच्चीवर चढतं आणि तिथून खाली उतरतं. टाकी नळापेक्षा चार मीटर उंच धरली तरी दाब जेमतेम दहावा हिस्सा भरतो. प्रवाह दाबाच्या वर्गमुळानं कमी होतो, म्हणजे दाब दहावा हिस्सा झाला की प्रवाह साधारण एक तृतीयांश उरतो. तिकडे साडेचार लिटर देणारा साधा नळ इथे दीड लिटरच्या आसपास येईल. तो चोंदलाय म्हणत लोक परत आणून देतील.

जाळी काढण्याचा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. छापलेला आकडा जाळीसकट मोजलेला असतो. ती काढली की तो आकडा त्या नळाचा राहत नाही. बोअरच्या पाण्याचे क्षार तिच्यात अडकतात हे खरं, पण मग ती खोलून लिंबाच्या पाण्यात भिजवायची आणि परत बसवायची.

"फसवणूक" या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, मानावंच लागेल. वीस लिटरची बादली कुठल्याही नळाखाली भरली तरी वीसच लिटर घेते, तिथे बचत शून्य. पण दात घासताना, हात धुताना नळ सुरूच असतो, तिथे फरक पडतो. कमी पाणी लागणाऱ्या फिटिंगसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७६५० भाग २ हे मानक २०२१ पासून आहे.

अण्णांना सांगितलंय, आधी दोनच नमुने मागवा. रिपोर्टवर लिटर आणि दाब दोन्ही लिहिलेले असतील तरच पुढचं बोला. मग नळ आपल्याच गच्चीच्या टाकीला जोडा, खाली मापाचं भांडं धरा आणि एक मिनिट मोजा.